रॅलोक्सिफेन ६०: मणक्यासाठी घ्यावी, हृदयासाठी नाही

पाळी जाऊन काही वर्षं झालेली, मणक्याची हाडं विरळ झालेली, आई, मावशी किंवा बहिणीला स्तनाचा कॅन्सर झालेला आणि पायात किंवा फुप्फुसात रक्ताची गुठळी कधीही न झालेली, अशा बाईसाठी रॅलोक्सिफेन ही चांगली गोळी आहे. मी स्वतः ती घेते आणि पुढेही घेणार आहे. पाचपैकी साडेतीन तारे देते. उरलेला दीड तारा का कापला ते सविस्तर लिहिते, कारण भलत्या अपेक्षेने ही गोळी घेणाऱ्या बायका मला वारंवार भेटतात.

मिरजेत आमचं औषधाचं दुकान आहे आणि मी फार्मासिस्ट आहे. मिरज हे दवाखान्यांचं गाव. सांगली-कोल्हापूर तर झालंच, पण विजापूर-बेळगावकडचेही पेशंट इथे येतात. हाडांच्या डॉक्टरांची, स्त्रीरोगवाल्यांची आणि हृदयवाल्यांची चिठ्ठी एकाच बाईच्या पिशवीतून निघते, आणि त्या तीन डॉक्टरांनी एकमेकांच्या चिठ्ठ्या पाहिलेल्या असतातच असं नाही. त्या तिन्ही एकत्र पाहणारं माणूस बऱ्याचदा काउंटरच्या अलीकडे उभं असतं.

माझी पाळी पंचेचाळिशीत गेली. आपल्याकडच्या बायकांची ती सरासरी सत्तेचाळिशीच्या आसपास जाते, म्हणजे फार लवकर नव्हे, पण लवकरच. आईची पाठ साठीनंतर वाकली. ती कुठे पडली नाही, घसरली नाही. पाण्याची कळशी उचलताना पाठीत कळ आली आणि मणका दबला. मग दुसरा, मग तिसरा. तिचे जुने ब्लाऊज पाठीवरून वर चढायला लागले तेव्हा उंची किती कमी झाली ते आम्हाला कळलं. मावशीला स्तनाचा कॅन्सर झाला होता. हे सगळं माहीत असल्यामुळे मी वेळेवर डेक्सा, म्हणजे हाडांची घनता मोजणारा स्कॅन, करून घेतला. कमरेच्या मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.६ आला, खुब्याचा उणे १.४. उणे २.५ किंवा त्याखाली गेलं की ऑस्टिओपोरोसिस म्हणतात, उणे १ ते उणे २.५ च्या मधलं म्हणजे हाडं विरळ व्हायला लागलेली. म्हणजे माझा मणका एका खणात आणि खुबा दुसऱ्या खणात. त्याच सुमाराला रक्त तपासलं तर एलडीएल, म्हणजे वाईट म्हणतात ते कोलेस्टेरॉल, १४९. पाळी चालू असताना ते ११८ होतं. खाणं तेच, चालणं तेच, वजनही तेच.

हाडं आणि कोलेस्टेरॉल एकदम बिघडतात यात योगायोग काही नाही. दोन्ही एकाच संप्रेरकाच्या, इस्ट्रोजेनच्या, राखणीत असतात. हाड हे आयुष्यभर मोडत आणि बांधत राहणारं काम आहे. काही पेशी जुनं हाड खोदतात, काही नवं भरतात. इस्ट्रोजेन असतं तोवर ते खोदणाऱ्या पेशींना आवर घालतं आणि त्यांचं आयुष्यही कमी ठेवतं. ते गेलं की खोदणाऱ्यांची संख्या वाढते, त्या जास्त दिवस जगतात आणि भरणाऱ्या पेशी मागे पडतात. मणक्याच्या आतलं हाड जाळीसारखं असतं, त्याला पृष्ठभाग खूप, म्हणून झीज तिथे आधी दिसते. पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत ही झीज सर्वांत वेगाने होते. तिकडे यकृतात इस्ट्रोजेनमुळे एलडीएल उचलून घेणारे रिसेप्टर भरपूर असतात. इस्ट्रोजेन गेलं की ते कमी होतात आणि एलडीएल रक्तातच फिरत राहतं. ‘तेल जास्त खाल्लं असेल’ म्हणून घरात बायकांना बोल लावणाऱ्यांनी हे एकदा समजून घ्यावं.

मग इस्ट्रोजेनच का देऊ नये? देतात, आणि काहींना द्यायलाच हवं. त्याबद्दल पुढे लिहिते. पण मावशीचा इतिहास ऐकून माझ्या डॉक्टरांनी इस्ट्रोजेन बाजूला ठेवलं आणि रॅलोक्सिफेन लिहून दिली.

या गोळीची जन्मकथा मला फार आवडते. लिली या अमेरिकी औषध कंपनीत ती आधी केऑक्सिफेन या नावाने स्तनाच्या कॅन्सरसाठी तयार झाली. तिथे तिचं फारसं जमलं नाही. १९८७ मध्ये संशोधक क्रेग जॉर्डन यांच्या गटाने बीजकोश काढलेल्या उंदरांना ती देऊन पाहिली. इस्ट्रोजेनला अडवणारं औषध हाडं आणखी पोखरेल अशी भीती होती, पण हाडं टिकली. मग १९९४ मध्ये लिलीच्याच संशोधकांनी बीजकोश काढलेल्या उंदरांना पाच आठवडे रॅलोक्सिफेन दिली आणि तीन गोष्टी एकत्र मोजल्या: हाड, रक्तातलं कोलेस्टेरॉल आणि गर्भाशय. हाडांची झीज थांबली, कोलेस्टेरॉल उतरलं आणि गर्भाशय मात्र इस्ट्रोजेनने फुगतं तसं फुगलं नाही. हाड आणि यकृतात इस्ट्रोजेनसारखं वागणारं, गर्भाशय आणि स्तनात इस्ट्रोजेनला अडवणारं असं हे औषध. पेशीतला इस्ट्रोजेनचा रिसेप्टर तोच असतो, पण रॅलोक्सिफेन त्यात बसली की त्याचा आकार वेगळा होतो. त्या आकाराला प्रत्येक अवयवातली मदतनीस प्रथिनं वेगळा प्रतिसाद देतात. डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेत ती एव्हिस्टा या नावाने हाडांची झीज रोखण्यासाठी मंजूर झाली. आता आपल्याकडे अनेक कंपन्यांची मिळते.

उंदरांच्या त्या प्रयोगाबद्दल एक गोष्ट मात्र सांगायला हवी. उंदरांच्या रक्तातलं बहुतेक कोलेस्टेरॉल एचडीएलमध्ये, म्हणजे चांगलं म्हणतात त्या प्रकारात, असतं. आपलं तसं नाही, आपलं बहुतांश एलडीएलमध्ये असतं. उंदराचा आकडा उतरला म्हणजे यकृतात काहीतरी हालचाल झाली एवढं नक्की. त्यावरून माणसाच्या हृदयाबद्दल काही ठरवता येत नाही. हे लक्षात ठेवा, कारण या गोळीभोवतीचा सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

आधी हाडांचं बोलू, कारण तिथे ही गोळी खरोखर काम करते. हाडांसाठीची सर्वांत मोठी चाचणी ‘मोअर’ नावाची, १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेली. २५ देशांतल्या ७,७०५ बायका, सगळ्यांना ऑस्टिओपोरोसिस, तीन वर्षं. आधी मणका मोडलेला नव्हता त्यांच्यात ६० मिलिग्रॅम घेणाऱ्यांचे मणके मोडण्याचं प्रमाण निम्म्यावर आलं. आधीच मोडलेला होता त्यांच्यात सुमारे ३० टक्क्यांनी कमी झालं. आता गंमत बघा, गोळी न घेणाऱ्यांशी तुलना केली तर मणक्यांची घनता जेमतेम अडीच टक्क्यांनी जास्त होती. एवढ्याशा वाढीने मोडतोड निम्म्यावर येते, कारण हाडाची ताकद फक्त घनतेत नसते. खोदकाम आवरलं की जाळीतले आडवे दुवे तुटायचे थांबतात, आणि स्कॅनच्या आकड्यात ते पूर्णपणे दिसत नाही. म्हणून दुसऱ्या डेक्सात टी-स्कोअर उणे २.६ वरून उणे २.४ एवढाच सरकला तरी निराश होऊन गोळी सोडू नका. माझा तेवढाच सरकला. मी त्याला चांगला निकाल मानते.

त्याच चाचणीत खुब्याची आणि मनगटाची हाडं मोडण्यात मात्र ठाम फरक दिसला नाही. पहिला अर्धा तारा मी यासाठी कापला. ज्या बाईचा खुबा खरोखर विरळ झालेला आहे, जी सत्तरीला आली आहे, जिचा तोल जातो, तिच्यासाठी ही गोळी पुरेशी नाही. तिथे आठवड्याची अ‍ॅलेंड्रोनेट किंवा वर्षातून एकदा सलाईनमधून दिलं जाणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड अशी औषधं लागतात, ज्यांनी खुब्याची मोडतोड कमी झाल्याचं सिद्ध झालं आहे. आमच्याकडे एक आजी यायच्या, खुब्याचा स्कोअर उणे ३ च्या खाली, आणि कुणीतरी त्यांना रॅलोक्सिफेन लिहून दिलेली. चिठ्ठीवर त्यांच्या मुलाला मी एवढंच लिहून दिलं, ‘खुब्यासाठी वेगळं औषध हवं का, डॉक्टरांना विचारा.’ नंतर त्यांचं औषध बदललं.

आता कोलेस्टेरॉल. १९९८ मध्ये ३९० बायकांवर सहा महिन्यांची एक तुलना झाली. एका गटाला इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या, दुसऱ्याला रॅलोक्सिफेन. इस्ट्रोजेनच्या गटात एलडीएल १४ टक्क्यांनी उतरलं, रॅलोक्सिफेनमध्ये १२ टक्क्यांनी. इस्ट्रोजेनने एचडीएल वाढवलं, पण ट्रायग्लिसराइड ही रक्तातली दुसरी चरबीही सुमारे २० टक्क्यांनी चढवली. रॅलोक्सिफेनने एकूण एचडीएल हललं नाही आणि ट्रायग्लिसराइडही चढलं नाही. माझं एलडीएल वर्षभरात १४९ वरून १३२ वर आलं. हिशेब करून पाहा, अकरा टक्क्यांच्या जवळपास, म्हणजे पुस्तकाबरहुकूम. तो रिपोर्ट हातात आला तेव्हा मलाही आनंद झाला होता.

पण आकडा उतरला म्हणून हार्ट अटॅक टळतो का? हा प्रश्न संशोधकांनी सरळ विचारला. ‘रूथ’ नावाच्या चाचणीत १०,१०१ बायका होत्या, सरासरी वय साडेसदुसष्ट. सगळ्यांना एकतर हृदयविकार होता किंवा होण्याचा मोठा धोका होता. निम्म्यांना रॅलोक्सिफेन, निम्म्यांना औषध नसलेली खोटी गोळी, साडेपाच वर्षांहून जास्त काळ. २००६ मध्ये निकाल आला. हृदयाच्या गंभीर घटना एका गटात ५३३, दुसऱ्यात ५५३. म्हणजे फरक नाही. स्तनाचा पसरणारा कॅन्सर ४४ टक्क्यांनी कमी झाला, मणकेही कमी मोडले. पण पक्षाघाताने मृत्यू रॅलोक्सिफेनच्या गटात ५९, दुसऱ्यात ३९. शिरांमधल्या गुठळ्या १०३ विरुद्ध ७१. प्रत्येक गटात पाच हजारांच्या आसपास बायका होत्या हे ध्यानात घेतलं तर हे आकडे घाबरून जाण्याइतके मोठे नाहीत. पण ज्या गोळीने हृदय सांभाळलं जाईल म्हणून आशा होती, तिच्याबद्दल हे कळणं फार महत्त्वाचं होतं.

असं फक्त रॅलोक्सिफेनचंच झालेलं नाही. १९९८ मध्ये ‘हर्स’ चाचणीत आधीच हृदयविकार असलेल्या २,७६३ बायकांना इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन दिलं. एलडीएल ११ टक्क्यांनी उतरलं, एचडीएल १० टक्क्यांनी चढलं. दोन्ही आकडे हवे तसे वळले, अटॅक मात्र कमी झाले नाहीत. जुलै २००२ मध्ये ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’ची १६,६०८ बायकांवरची चाचणी मध्येच थांबवावी लागली. खुबा मोडणं सुमारे एक तृतीयांशाने कमी झालं होतं, पण हृदयविकार, पक्षाघात आणि स्तनाचा कॅन्सर वाढला होता. मी तेव्हा नुकतीच काउंटरवर उभी राहायला लागले होते. पाठोपाठ हार्मोनच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या कशा आटत गेल्या ते मी पाहिलं आहे. कोलेस्टेरॉलचा आकडा यकृतात ठरतो, पण ही औषधं फक्त यकृतापर्यंत जाऊन थांबत नाहीत. रक्त गोठवणारे घटकही यकृतातच तयार होतात आणि त्यांच्यावरही या औषधांचा परिणाम होतो. एका हाताने एलडीएल कमी करायचं आणि दुसऱ्या हाताने गुठळीची शक्यता वाढवायची, असं झालं तर बेरीज शून्यावर येऊ शकते.

हे सगळं इतकं लांबवून लिहिण्याचं कारण म्हणजे आमच्या दुकानात घडलेली गोष्ट. साठीच्या आतबाहेरच्या एक मावशी, मधुमेह जुना, अटोरव्हास्टॅटिन ही कोलेस्टेरॉलची स्टॅटिन गोळी चालू. हाडांच्या डॉक्टरांनी रॅलोक्सिफेन सुरू केली. दोन-तीन महिन्यांनी आल्या तेव्हा पिशवीत स्टॅटिन नव्हती. विचारलं तर म्हणाल्या, “ताई, ती बंद केली की मी. ही हाडाची गोळी कोलेस्टेरॉल पण कमी करतीया, मग दोन-दोन कशाला खायच्या?” शेजारणीने मोबाइलवर काहीतरी वाचून सांगितलेलं. मी त्यांना स्टुलावर बसवलं, पाणी दिलं आणि समजावलं की मावशी, ही गोळी एलडीएल दहा-बारा टक्के उतरवते, तुमची रात्रीची गोळी तीस-चाळीस टक्के उतरवते. आणि अटॅक कमी होतात हे त्या गोळीचं सिद्ध झालंय, हिचं झालेलं नाही. त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना तिथूनच फोन लावून दिला. त्याच संध्याकाळी त्या परत स्टॅटिन घेऊन गेल्या. मधुमेह असलेल्या बाईने असं परस्पर स्टॅटिन थांबवणं किती धोक्याचं आहे हे लिहिताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. दुसरा अर्धा तारा यासाठी. गोळीचा दोष नाही, पण तिच्याबद्दल जे बोललं जातं ते अर्धवट आहे आणि त्याची किंमत बायका देतात.

माझंच सांगते. वडिलांना पन्नाशीत अटॅक आला होता आणि माझी साखर सीमेवर आहे. एलडीएल १३२ वर आलं तरी डॉक्टरांनी वेगळी स्टॅटिन सुरू केली, आणि मला ते योग्य वाटलं. रॅलोक्सिफेन मणक्यासाठी, स्टॅटिन हृदयासाठी. एकीचं काम दुसरीवर टाकायचं नाही.

घेताना कशी वाटते? घ्यायला ही गोळी फारच सोपी. दिवसातून एक, ६० मिलिग्रॅम, कुठल्याही वेळी, जेवणाआधी किंवा नंतर. ज्यांनी अ‍ॅलेंड्रोनेट घेतली आहे त्यांना याचं मोल कळेल. तिला सकाळी उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर आणि नंतर किमान अर्धा तास आडवं न होता बसायचं, चहा नाही, काही नाही. सकाळी डबे करायचे असतात त्या बाईला हे जड जातं. रॅलोक्सिफेनला तसलं काही नाही. मी ती रात्री जेवणानंतर घेते, कारण माझी थायरॉइडची गोळी सकाळी असते आणि काही पेशंटमध्ये या दोन एकत्र घेतल्यावर थायरॉइडची गोळी नीट शोषली गेली नाही असं दिसलेलं आहे. बरोबर कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व हवंच. ‘मोअर’ चाचणीत खोटी गोळी घेणाऱ्यांनाही ते दिलेलं होतं, म्हणजे तो पाया आहे आणि रॅलोक्सिफेन त्याच्यावर. ड जीवनसत्त्वाची साठ हजार युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली तेवढीच घ्या, रोज घेऊ नका. तसं घेणारे लोकही मी पाहिले आहेत.

त्रास? अंगातून गरम वाफा निघणं हा मोठा त्रास. बायकांना वाटतं हार्मोनची गोळी आहे, म्हणजे वाफा थांबतील. उलट आहे. ही गोळी वाफा वाढवू शकते. माझ्या जवळजवळ थांबलेल्या वाफा पहिल्या काही महिन्यांत परत आल्या, मानेपासून कपाळापर्यंत, आणि दुकानात पंख्याखाली उभं राहूनही घाम. हळूहळू कमी झाल्या. ज्यांची पाळी नुकतीच गेली आहे आणि वाफांनी रात्र रात्र झोप नाही, त्यांनी या गोळीकडून आरामाची अपेक्षा ठेवू नये. दुसरा त्रास पोटऱ्यांमध्ये गोळे येण्याचा. रात्री तीनला पाय आखडून जाग येते. ताणून, चोळून जातो. पण इथे सावध राहा. एकाच पायात दुखणं, सूज, गरमपणा, पोटरी दाबली की कळ, असं असेल तर तो नेहमीचा गोळा समजून तेल चोळत बसू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा, कारण शिरेतली गुठळी अशीच सुरू होते. ‘मोअर’मध्ये गुठळीचा धोका तिपटीच्या घरात होता. धोका मुळात लहान, म्हणून तिप्पट होऊनही लहानच, पण ज्यांना आधी गुठळी झालेली आहे त्यांना ही गोळी द्यायचीच नसते.

याच कारणाने मोठ्या ऑपरेशनच्या किंवा बरेच दिवस अंथरुणाला खिळायच्या आधी किमान ७२ तास ही गोळी थांबवायची असते, आणि पुन्हा नीट चालायला लागल्यावरच सुरू करायची. मिरजेत गुडघे बदलायला येणाऱ्या बायका किती! त्यातल्या कित्येकींच्या पिशवीत रॅलोक्सिफेन असते. ऑपरेशनआधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांची चौकशी सगळे करतात, हिची फार कमी जण करतात, कारण ती ‘हाडाची गोळी’ म्हणून घरात ओळखली जाते. एका काकूंचं ऑपरेशन आठवड्यावर आलं असताना त्या पुढच्या महिन्याच्या गोळ्या न्यायला आल्या होत्या. मी थांबवलं आणि सर्जनना विचारायला लावलं. त्यांनी लगेच बंद करायला सांगितली. लांबच्या बसच्या, विमानाच्या प्रवासातही मध्ये मध्ये उठून चाला, पाणी प्या.

राहिलेला अर्धा तारा माहितीपत्रकासाठी. बहुतेक कंपन्यांच्या डब्यात एक पत्रक असतं, पण मुंगीच्या अक्षरात आणि इंग्रजीत, तेही दहा-दहा गोळ्यांच्या पट्ट्या सुट्या विकल्या की पेशंटपर्यंत पोचतच नाही. आमच्या भागात पंधरा दिवसांच्या गोळ्या मागणारे खूप, मग पट्टी कापली जाते आणि मुदतीची तारीख भलत्याच तुकड्यावर राहते. कापायचीच असेल तर तारीख असलेला भाग पेशंटला द्या, असं मी दुकानातल्या मुलांना शिकवलं आहे. तुम्हीही मागून घ्या. गुठळी, ऑपरेशन आणि वाफा या तीन गोष्टी मराठीत चार ओळींत छापायला कंपन्यांना कितीसा कागद लागणार आहे?

आता ज्यांनी ही गोळी घेऊ नये त्यांच्याबद्दल, आणि हे मी मनापासून लिहितेय. पस्तिशीत, चाळिशीत बीजकोश काढलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तिचं इस्ट्रोजेन हळूहळू नाही, एका ऑपरेशनमध्ये जातं. तिला हाडांची झीज, एलडीएलची चढण आणि हृदयविकाराचा धोका, सगळं दहा-पंधरा वर्षं आधी येतं. अशा बाईला, कॅन्सर किंवा गुठळीसारखी अडचण नसेल तर, पाळी नैसर्गिकपणे गेली असती त्या वयापर्यंत इस्ट्रोजेनच द्यावं असं जगभरच्या तज्ज्ञांचं म्हणणं आहे. ‘विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह’मधल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. तिथली भीती चाळिशीच्या बाईवर लादणं चूक आहे. जेल किंवा पट्टीतून त्वचेमार्गे दिलेलं इस्ट्रोजेन यकृताला वळसा घालून जातं, ट्रायग्लिसराइड चढवत नाही आणि गुठळीचा धोकाही तोंडाने घेतल्यापेक्षा कमी.

हंगामात सांगली-कोल्हापूरच्या कारखान्यांवर बीडकडून ऊसतोडीच्या टोळ्या येतात. त्यातल्या बायका दुकानात कंबरदुखीची गोळी मागायला येतात. चाळिशीही न गाठलेल्या, आणि विचारलं की “पिशवी काढलीया” असं सहज सांगतात. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने बीडमधल्या ८२ हजारांहून अधिक ऊसतोड बायकांची पाहणी केली, त्यात १३ हजारांहून अधिक जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. गर्भाशयाबरोबर बीजकोशही काढले का, हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं, आणि हाडांच्या दृष्टीने तोच सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे. डोक्यावर उसाची मोळी, पोटात इस्ट्रोजेन नाही आणि हातात दहा रुपयांची वेदनाशामक गोळी. या बायकांना डेक्सा कोण सांगणार? मी त्यांना डिस्चार्ज कार्ड जपून ठेवायला आणि पुढच्या वेळी घेऊन यायला सांगते. कुणी आणलं तर त्यावर बीजकोशांबद्दल काय लिहिलंय ते वाचून सांगते आणि सरकारी दवाखान्यात कुणाला भेटायचं ते लिहून देते.

बाकीच्या पर्यायांबद्दल थोडक्यात. टॅमॉक्सिफेन ही स्तनाच्या कॅन्सरची गोळी याच घराण्यातली. पाळी गेलेल्या बायकांत हाडं राखते, एलडीएल उतरवते, पण गर्भाशयाच्या अस्तरावर इस्ट्रोजेनसारखी वागते आणि तिथल्या कॅन्सरचा धोका वाढवते. म्हणून ती स्तनाच्या कॅन्सरसाठीच, हाडांसाठी नाही. टिबोलोन ही कृत्रिम हार्मोनची गोळी वाफांवर चांगली, मणकेही राखते, पण एचडीएल उतरवते आणि वयस्कर बायकांमध्ये पक्षाघात वाढवते. लेट्रोझोल, अ‍ॅनास्ट्रोझोल या स्तनाच्या कॅन्सरच्या गोळ्या इस्ट्रोजेन आणखी कमी करतात, त्या घेणाऱ्या बायकांनी डेक्सा करायलाच हवा. आणि ‘सहेली’ किंवा सरकारी ‘छाया’ गोळीबद्दल काही जणी विचारतात. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत तयार झालेली ही ऑर्मेलॉक्सिफेन रॅलोक्सिफेनच्याच कुळातली आहे, त्याचा मला अभिमान आहे. पण ती गर्भनिरोधक आहे. तिच्याच एका रूपावर, लेव्हॉर्मेलॉक्सिफेनवर, पाळी गेलेल्या बायकांच्या हाडांसाठी चाचण्या झाल्या होत्या आणि गर्भाशयाच्या तक्रारींमुळे १९९८ मध्ये त्या थांबवाव्या लागल्या. तेव्हा घरात उरलेल्या सहेलीच्या गोळ्या आईला हाडांसाठी देऊ नका.

महिन्याला तीन पट्ट्या लागतात. कंपनीप्रमाणे किमतीत बराच फरक पडतो, औषध तेच. डॉक्टरांना ‘स्वस्तातली कंपनी चालेल का’ असं विचारायला संकोच करू नका, कारण ही गोळी वर्षानुवर्षं घ्यायची आहे आणि बंद केली की झीज पुन्हा सुरू होते. डेक्सा शक्यतो त्याच मशीनवर करा, निदान दीड-दोन वर्षांच्या अंतराने, नाहीतर आकड्यांची तुलना होत नाही. मी दर वाढदिवसाला दाराच्या चौकटीशी उभी राहून उंचीही मोजते, कारण मणका न दुखताही दबू शकतो. माझा पुढचा डेक्सा दिवाळीनंतर आहे. त्यात खुबा उणे २.५ च्या खाली गेला तर रॅलोक्सिफेन थांबवून वर्षातून एकदाचं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिड घ्यायचं, असं डॉक्टरांशी आधीच ठरलंय.